साधा की मेडिकेटेड?

आमच्या घराण्यात लग्नाच्या पंगतीला बसलं की दोन चौकशा हमखास होतात. एक म्हणजे, मुलगा सध्या कुठल्या देशात असतो? आणि दुसरी, स्टेंट कुठला टाकलाय? "मेडिकेटेड ना? इम्पोर्टेड?" उत्तर "हो" आलं की विचारणाऱ्याला बरं वाटतं आणि सांगणाऱ्यालाही. "साधाच टाकला हो" असं म्हणणारा माणूस मात्र आवाज जरा खाली आणतो, जणू मुलीच्या लग्नात काही कमी केलं असावं तसा.

हा प्रश्न मला अजिबात आवडत नाही. का आवडत नाही ते आज सविस्तर लिहायचं ठरवलंय. पोस्ट लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे टक्केवारी दिसली की ती सोडवल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच. घरात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले.

तर मुळापासून सुरुवात करू. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत चरबीचा थर साचतो, एके दिवशी तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि नळी बंद होते. हा अ‍ॅटॅक. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरने नळीत फुगा घालून तो फुगवून अडथळा दाबून टाकला. पण फुगा काढला की नळी पुष्कळदा पुन्हा आवळायची. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला धातूची जाळी आत ठेवण्याचा प्रयोग झाला. आपल्याकडे लोक जिला "स्प्रिंग" म्हणतात ती हीच. हा साधा स्टेंट.

साध्या स्टेंटची एक खोड होती. शरीराला तो परका वाटतो, जखम भरून काढायच्या नादात त्याच्या आतल्या बाजूने पेशी वाढतात आणि काही महिन्यांत नळी पुन्हा अरुंद होते. साधारण चार-पाचातल्या एकाच्या बाबतीत हे व्हायचं. यावर तोड म्हणून जाळीलाच औषधाचा लेप दिला. ते औषध हळूहळू झिरपतं आणि पेशींची वाढ रोखतं. पहिलं यशस्वी औषध होतं सिरोलिमस. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६४ साली ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले होते, त्यातल्या एका जिवाणूत हे औषध सापडलं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून औषधाचं पहिलं नाव रापामायसिन. आणि ते शोधून काढलं कॅनडात काम करणाऱ्या सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने. पंगतीत "इम्पोर्टेड" म्हणून मिरवणाऱ्यांनी हे नाव जरूर लक्षात ठेवावं.

२००२ साली रॅव्हेल नावाच्या चाचणीचे आकडे छापून आले. सहा महिन्यांनी साधा स्टेंट बसवलेल्यांपैकी २६ टक्के लोकांची नळी पुन्हा अरुंद झालेली, औषधी स्टेंटवाल्यांपैकी शून्य टक्के! शून्य हा आकडा पाहिला की गणिताच्या मास्तरणीला संशय येतो, पण बाजाराला आनंद होतो. २००३ मध्ये अमेरिकेने सायफर नावाच्या औषधी स्टेंटला परवानगी दिली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत साधा स्टेंट म्हणजे गरिबाघरची वस्तू होऊन बसला.

मग २००६ चा सप्टेंबर उजाडला. बार्सिलोनाला युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे असे आकडे मांडले गेले की पहिल्या पिढीतल्या औषधी स्टेंटमध्ये उशिरा, वर्षा-दोन वर्षांनी, अचानक गुठळी होण्याचा धोका जास्त दिसतो. कारण सोपं आहे. जे औषध नको असलेल्या पेशी वाढू देत नाही, तेच हव्या असलेल्या अस्तरालाही वाढू देत नाही. जाळी उघडी राहते आणि उघड्या धातूवर गुठळी धरते. नळी हळूहळू अरुंद झाली तर छातीत दुखून सूचना तरी मिळते. गुठळीने बंद झाली तर सरळ दुसरा अ‍ॅटॅक. २००७ साली स्वीडनच्या नोंदवहीतून औषधी स्टेंटवाल्यांत मृत्यू थोडे जास्त दिसले. २००९ साली त्याच नोंदवहीतली आणखी वर्षांची माहिती पाहिली तेव्हा तो फरक उरला नव्हता. म्हणजे तीन वर्षं जगातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा या प्रश्नावर एकमेकांशी भांडत होते.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की आमच्या माईकाकूला हा प्रश्न २००९ मध्येच विचारला गेला होता. रात्री दीड वाजता. साताऱ्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर.

अण्णाकाकांना अ‍ॅटॅक आला होता, त्यांना आत टेबलावर घेतलं होतं. काउंटरवरच्या मुलाने एक छापील कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "काकू, साधा टाकायचा की मेडिकेटेड? लवकर सांगा, सर थांबलेत." साधा पंचेचाळीस हजार, मेडिकेटेड एक लाख तीस हजार. माईकाकू सातवी शिकलेली. अंगावर घरातली साडी, हातात पिशवीत बांधून आणलेले बत्तीस हजार रुपये. दादा पुण्याहून निघालेला, अजून खंडाळ्याच्या घाटात. तिने विचारलं, "यात फरक काय?" उत्तर आलं, "मेडिकेटेड चांगला."

तिने साधा सांगितला. अण्णा बरे होऊन घरी आले.

२०१३ साली त्यांना दुसरा अ‍ॅटॅक आला. अँजिओग्राफीत दिसलं की जुना स्टेंट स्वच्छ उघडा आहे. या वेळी बंद झाली होती ती वेगळीच नळी, चार वर्षांपूर्वी जिला कुणी हातही लावला नव्हता. गोळ्या त्यांनी वर्षभर आधी आपल्याच मनाने सोडल्या होत्या आणि तंबाखू तर कधी सुटलीच नव्हती. या खेपेला अण्णा गेले. डॉक्टरांनी हे सगळं दादाला नीट समजावून सांगितलं. पण माईकाकू आजही म्हणते, "मी लाख रुपये वाचवले आणि माणूस घालवला."

मंडळी, माझा राग या वाक्यावर आहे. आणि ज्या कागदाने ते वाक्य तिच्या तोंडी घातलं त्या कागदावर आहे.

आता आकडे बघू. नॉर्वेत २००८ ते २०११ या काळात ९,०१३ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे साधे आणि नव्या पिढीचे औषधी स्टेंट बसवले. त्यात अ‍ॅटॅकवाले होते आणि नुसतं छातीत दुखणारेही होते. सहा वर्षं पाठपुरावा करून २०१६ साली निकाल छापला. मृत्यू किंवा नवा अ‍ॅटॅक : औषधी १६.६ टक्के, साधा १७.१ टक्के. हा फरक योगायोगात मोडतो. पुन्हा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली : औषधी १६.५ टक्के, साधा १९.८ टक्के. हा फरक खरा आहे. म्हणजे तीस लोकांना साध्याऐवजी औषधी बसवला तर सहा वर्षांत त्यातल्या एकाची पुन्हा टेबलावर जायची पाळी टळते. बाकी एकोणतीस जणांना कुठला बसवला याने या बाबतीत काही फरक पडत नाही.

दुसरी बाजू लपवणार नाही, नाहीतर मी आणि तो काउंटरवाला सारखेच. फक्त मोठ्या अ‍ॅटॅकच्या १,४९८ रुग्णांवर युरोपात एक्झॅमिनेशन नावाची चाचणी झाली. तिथे पाच वर्षांनी नव्या औषधी स्टेंटवाल्यांत ९ टक्के मृत्यू झाले, साध्यावाल्यांत १२ टक्के. गुठळीही नव्या औषधी स्टेंटमध्ये कमी झाली. २००६ साली जी भीती होती त्याच्या बरोबर उलट! २०१९ साली वीस चाचण्यांतले सव्वीस हजारांहून जास्त रुग्ण एकत्र धरून हिशोब केला, त्यातही नवा औषधी स्टेंट थोडा सरस ठरला, मुख्यतः पुढचे अ‍ॅटॅक कमी झाल्यामुळे. ज्यांना रक्तस्रावाचा धोका असल्याने गोळ्या फार दिवस देता येत नाहीत अशांसाठी तरी साधा बरा, हा शेवटचा मुद्दा उरला होता. २०१५ च्या लीडर्स फ्री चाचणीने तोही काढून घेतला. २०१७ मध्ये युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनी अ‍ॅटॅकमध्ये औषधीच वापरा असं स्पष्ट सांगितलं.

म्हणजे "साधा की मेडिकेटेड" हा वाद विज्ञानापुरता संपलेला आहे. आज बसवायचा तर नव्या पिढीचा औषधीच. यावर माझं काही म्हणणं नाही.

माझं म्हणणं असं की २००९ साली हा वाद संपलेला नव्हता. तेव्हा उशिराच्या गुठळीची भीती खरी होती. औषधी स्टेंट घातला की रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर चुकवायच्या नाहीत, असा दंडक होता. अ‍ॅटॅकनंतर त्या एरवीही घ्यायच्याच असतात, पण जो माणूस मध्येच सोडील अशी शंका आहे त्याला साधा बसवणं अधिक सुरक्षित, असं डॉक्टरच सांगत. अण्णांना ओळखणारा कुठलाही डॉक्टर काय म्हणाला असता ते तुम्हीच ठरवा. आणि ज्या नळीने अण्णांना नेलं तिच्यात ना साधा स्टेंट होता ना औषधी. माईकाकूने लाख रुपये वाचवून माणूस घालवला नाही. तिच्यापुढे जो प्रश्न टाकला गेला तो तिचा नव्हताच.

यावर एक डॉक्टर मित्र म्हणाले, "अहो, पण नातेवाइकांना विचारायचं नाही तर काय, न विचारता बसवायचा? उद्या तुम्हीच कोर्टात जाल." मुद्दा बरोबर आहे. सांगायलाच हवं. पण सांगणं आणि दरपत्रक पुढे करणं यात फरक आहे. "पेशंटला काय योग्य आहे ते आम्ही ठरवलंय, त्याचं कारण हे, खर्च इतका, तुम्हाला झेपत नसेल तर दुसरा मार्ग हा आणि त्यातही जीव वाचतो" असं डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगणं म्हणजे संमती घेणं. "मेडिकेटेड चांगला" एवढंच बोलून पेन हातात देणं म्हणजे दुकानदारी. बांगड्या विकतानासुद्धा लोक यापेक्षा जास्त माहिती देतात.

आणि ही दुकानदारी कशावर उभी होती तेही कळलं. २०१६ च्या जुलैत स्टेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला. दिल्लीतले वकील बिरेंदर सांगवान त्यासाठी कोर्टात भांडले होते. मग २०१७ च्या जानेवारीत औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने बाजारातला नफा जाहीर केला. काही स्टेंटवर हॉस्पिटलच्या पातळीवरचा नफा ६५४ टक्क्यांपर्यंत जात होता. १३ फेब्रुवारी २०१७ ला किमतीवर मर्यादा आली. सरकारी आकड्यांनुसार औषधी स्टेंट सरासरी १,२१,४०० रुपयांवरून २९,६०० वर आला, साधा ४५,१०० वरून ७,२६० वर. त्यानंतर किमती थोड्याफार खालीवर झाल्या, पण २०२५ मध्येसुद्धा औषधी स्टेंटची कमाल किंमत ३९ हजारांच्या आसपासच होती.

तेव्हा ओरड झाली की आता चांगले स्टेंट भारतात मिळणार नाहीत. काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्वांत महागडे नमुने परत न्यायची परवानगी मागितली. त्यातला एक होता अ‍ॅब्सॉर्ब, शरीरात विरघळून जाणारा स्टेंट. भाव जवळजवळ दोन लाख. "सगळ्यांत आधुनिक" म्हणून तो खपत होता. २०१७ च्याच सप्टेंबरात कंपनीने जगभर त्याची विक्री थांबवली. चाचण्यांमध्ये त्यात गुठळ्यांचं प्रमाण साध्यासुध्या धातूच्या औषधी स्टेंटपेक्षा जास्त निघालं होतं. म्हणजे ज्यांनी दागिने मोडून "सगळ्यांत भारीतला" घातला त्यांना मिळाला तो जास्त धोक्याचा. महाग म्हणजे चांगला, हे गणित पैठणीला चालत असेल. हृदयाला चालत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांकडे वळते, कारण इथवर वाचून ते खूश झाले असतील. "बघा, आम्ही म्हणत नव्हतो? स्टेंट म्हणजे सगळं थोतांड! लसूण, आलं आणि लिंबाचा रस घ्या, ब्लॉकेज विरघळतं." हे फॉरवर्ड मला महिन्यातून चार वेळा येतं, त्यात दोनदा इंजिनिअर भाच्याकडून. हे लोक २००७ ची करेज, २०१७ ची ऑर्बिटा, २०२० ची इस्केमिया अशा चाचण्यांची नावंही पुढे करतात. चाचण्या खऱ्या आहेत. त्या सांगतात की ज्यांना चालताना दम लागतो, छातीत दुखतं पण दुखणं स्थिर आहे, अशा बहुतेकांना स्टेंट घालून आयुष्य वाढत नाही, गोळ्यांनीही तेवढाच बचाव होतो. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्या, आठवडाभर विचार करा, खुशाल घासाघीस करा.

पण अ‍ॅटॅक ही वेगळी गोष्ट आहे! तिथे नळी पूर्ण बंद झालेली असते आणि प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. तिथे नळी उघडण्याने जीव वाचतो, याबद्दल कुणालाही शंका नाही. स्थिर दुखण्याच्या चाचण्या अ‍ॅटॅकवाल्याच्या घरच्यांना ऐकवणं म्हणजे घराला आग लागली असताना पाणी जपून वापरा असं सांगणं. काउंटरवरचा कागद लोकांना लुटतो, हे फॉरवर्ड लोकांना मारतं. दोहोंत डावं-उजवं करायचं झालं तर मी कागद बरा म्हणीन.

मग जीव कशाने वाचतो? वेळेने. भारतातल्या ५० शहरांतल्या २०,४६८ रुग्णांची नोंद असलेला क्रिएट नावाचा अभ्यास २००८ मध्ये छापून आला. दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंतचा मधला वेळ किती निघाला? ३६० मिनिटं. सहा तास! "गॅस झाला असेल", "सोडा घेऊन बघ", "सकाळपर्यंत वाट बघू", यात सहा तास जातात. त्याच अभ्यासात गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के महिनाभरात दगावले, श्रीमंतांपैकी ५.५ टक्के. पण उपचारांतला फरक हिशोबात घेतला तेव्हा ही दरी बुजली. गरिबाचं हृदय वेगळं नसतं, त्याला योग्य उपचार कमी मिळतात.

आणि यातले कितीतरी उपचार काही लाखांचे नसतात. १९८८ साली आयसिस-२ ही सतरा हजार रुग्णांची चाचणी छापून आली. ज्यांना अ‍ॅटॅकमध्ये ना अ‍ॅस्पिरिन मिळालं ना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, त्यांपैकी १३.२ टक्के पाच आठवड्यांत हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या कारणाने गेले. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांपैकी ८ टक्के. शंभरातले पाच जीव पाच आठवड्यांत वाचले, एका जुन्या इंजेक्शनने आणि चहापेक्षा स्वस्त गोळीने. साध्या आणि औषधी स्टेंटमधल्या फरकाशी हे ताडून पाहा. पंगतीत कुणी विचारतं का, "अ‍ॅस्पिरिन किती मिनिटांत दिली हो?"

अँजिओप्लास्टीची सोय दोन तासांच्या आत होणार असेल तर तीच उत्तम. नसेल तर जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून इंजेक्शन द्यायचं आणि मग मोठ्या ठिकाणी हलवायचं. गोव्याने २०१८ च्या डिसेंबरात हेच सुरू केलं. छोट्या सरकारी केंद्रात ईसीजी निघतो, तो दूरच्या तज्ज्ञाने वाचायचा, इंजेक्शन तिथेच द्यायचं, पुढचं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात. शिरवळ असो की शिराळा, प्रत्येक तालुक्यात हे व्हायला हवं. आपण मात्र बोलतो कशावर, तर स्प्रिंग इम्पोर्टेड की देशी यावर.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. देव करो आणि वेळ न येवो, पण आलीच तर छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं की घड्याळ बघा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात गेल्यावर पुढचे प्रश्न विचारा. ईसीजी लगेच निघाला का? इथे कॅथलॅब आत्ता, या क्षणी चालू आहे का? नसेल तर इंजेक्शन इथेच देताय का? घरी जाताना विचारा, कुठल्या गोळ्या कधीपर्यंत, आणि कुठली कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही? तंबाखू सोडवायला मदत कुठे मिळेल?

स्टेंट कुठला बसवायचा हा प्रश्न डॉक्टरांचा आहे. त्याचं उत्तर त्यांना माहीत आहे, कमाल किंमतही ठरलेली आहे. तो त्यांनीच सोडवावा. आणि कुठल्या बाईने रात्री दीड वाजता, हातात होते तेवढ्या पैशात, माहीत होतं तेवढ्यावर काही ठरवलं असेल, तर तिला पुन्हा कधीही "मेडिकेटेड नव्हता का?" असं विचारू नका. आमच्या घरातल्यांनी तर नाहीच नाही.